मामाच्या घरचा ऑक्सिजन

समुद्रात बुड्या मारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि वऱ्हाडात तो कुणालाही समजावून सांगता येत नाही, हे मी आता मान्य करून टाकलं आहे. बडनेऱ्याला गाडीतून उतरलो की ऑटोवाल्यापासूनच सुरुवात होते. पिशवीतून डोकावणारे पोहायचे रबरी पाय पाहून तो विचारतो, मी सांगतो, आणि तो म्हणतो, "म्हंजे ऑक्सिजनचा सिलिंडर लावून उतरता न?" नाही हो. हवा. साधी हवा. तुम्ही-आम्ही आत्ता घेतोय तीच, गाळून, दाबून भरलेली. चौदा वर्षं मी हे सांगतोय. ऑटोवाल्याला, चुलत्यांना, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांना. सगळे मान हलवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात, "काय मंग, किती घंटे पुरते तुमचा ऑक्सिजन?"

त्या जानेवारीत मालवणचं काम सोडून अंदमानला रुजू व्हायच्या आधी पंधरा दिवस मी घरी होतो. त्यातले चार दिवस मोर्शीकडच्या गावी, मामाकडे. मामाची संत्र्याची बाग आहे. झाडांचं पाणी महिनाभर तोडून त्यांना ताण दिलेला होता. आता पाणी सोडलं की फूल धरणार, आणि नेमका त्याच आठवड्यात विहिरीतल्या पाणबुडी मोटरचा दोर तुटला. मोटर बुडाशी गेली. विहिरीत पाणी पंचेचाळीस फूट. मामाचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, दोन दिवस लोखंडी गळ टाकून बसला होता. गळाला एक जुनी बादली, एक चप्पल आणि कुणाच्या तरी लग्नातला तांब्या लागला. मोटर काही लागली नाही.

मी पोचलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे उजळले की आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. मामा ओट्यावरूनच म्हणाला, "आला बाप्पा, समुद्रवाला आला. आता काहाची चिंता?"

मी नाही म्हणालो. का नाही, तेही सांगितलं. माझ्या पिशवीत मास्क होता, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर होता, पण हवेचा सिलिंडर नव्हता. तो जिथं काम असेल तिथलाच वापरायचा असतो. शिवाय विहीर म्हणजे मोकळा समुद्र नव्हे. आत पाइप, वायरी, तुटका दोर लोंबतोय, बुडाशी हातभर गाळ. तो एकदा ढवळला की स्वतःचा पंजा दिसत नाही. अशा कोंडलेल्या जागी उतरायचं शिक्षण वेगळं असतं, एकाऐवजी दोन सिलिंडर लागतात, वर जाणती माणसं लागतात. शेजारच्या दोन मोटरी लावा, पाणी उपसा, मग गळ टाका, असं मी सुचवलं. दोन दिवसांचं काम होतं.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मामा म्हणाला. "अख्खा समुद्र पालथा घातला, अन् आपली हीर नाही होत तुह्याच्यानं?"

हे मला झोंबलं. झोंबलं म्हणूनच संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी नको ते केलं. गेलेली पत परत मिळवायला म्हणून ज्ञान पाजळायला लागलो. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, आम्ही कधीकधी तो बत्तीस टक्के करून भरतो. त्यामुळे शरीरात नायट्रोजन कमी मुरतो आणि खाली जास्त वेळ थांबता येतं.

मामेभाऊ हातातला घास तसाच धरून ऐकत होता. "म्हंजे ऑक्सिजन वाढवला का टाइम वाढते?"

"हो," मी म्हणालो.

पुढचं सांगायचं होतं. ऑक्सिजन वाढवला की खोली कमी करावी लागते. प्रत्येक सिलिंडर मीटर लावून तपासायचा, त्यावर चिकटपट्टी लावून किती टक्के आणि जास्तीत जास्त किती खोल ते लिहायचं, त्याशिवाय आमच्यात कुणी पाण्यात पाऊल घालत नाही. पण तेवढ्यात मामेभावाच्या बायकोनं, वहिनीनं, भाकर वाढली, कुणीतरी शार्कचं विचारलं आणि मी शार्कवर गेलो. शार्कवर मी नेहमीच जातो. लोकांना आवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाची गाडी घेऊन मी कामासाठी अमरावतीला गेलो. दुपारी परतलो तर विहिरीवर पंधरा-वीस माणसं. मधोमध मामेभाऊ, अर्ध्या चड्डीवर, कमरेला दोर, कपाळावर माझा मास्क. माझी पिशवी कडेला उघडी पडलेली. आणि त्याच्या पुढ्यात काळ्या अंगाचा, पांढऱ्या मानेचा सिलिंडर.

तो सिलिंडर मी ओळखत होतो. मामी कोरोनात गेली. दवाखान्यात खाट मिळत नव्हती, तेव्हा मामानं अमरावती पालथी घातली आणि शेवटी अकोल्याहून दोन सिलिंडर आणले. एक घरीच मामीला लावला. दुसरा उघडायची वेळ आली नाही. तो मामानं परत केला नाही, कुणाला दिलाही नाही. मागच्या खोलीत उभा करून ठेवला. मामा तो अधूनमधून फडक्यानं पुसायचा, दसऱ्याला ट्रॅक्टरसोबत त्यालाही हळदकुंकू लागायचं. आज मात्र त्यानं तो स्वतःहून बाहेर काढून दिला होता आणि विहिरीच्या कठड्यावर बसून तो बघत होता.

"ये दादा, ये!" मामेभाऊ खुशीत ओरडला. "बत्तीस टक्क्यात येवढा टाइम मिळते, त हा पुरा शंभर टक्के हाये. अन् घरचाच!"

माझा रेग्युलेटर त्या सिलिंडरला बसावा म्हणून त्यानं लेथवाल्याकडून पितळेचा जोड कातून आणला होता. काम सुबक होतं, हे कबूल करायला हवं. आट्यांवर भरपूर ग्रीस चोपडलेलं होतं, घट्ट बसावं म्हणून. आणि शेजारच्या शेतातले एक काका पाना घेऊन वॉल्व्ह उघडायला वाकले होते.

दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला ग्रीस भेटलं की पेटायला काडी लागत नाही. मी काकांच्या हातातला पाना हिसकावला आणि विहिरीत फेकला. बाजूला ठेवला असता तरी चाललं असतं. पण फेकला. आता विहिरीत मोटरही होती आणि पानाही.

"काय करून राहिले तुमी? पेटन ना ते! ग्रीस पेटते यानं!"

"पुसून घेतो न मंग," मामेभाऊ म्हणाला. "त्यात काय येवढं."

यावर माणसानं काय करावं? डोकं आपटायला विहिरीचा कठडा जवळच होता. पुसलंस तरी मरशील, मी म्हणालो, आणि जेवताना राहिलेलं सगळं आता ओरडून सांगितलं. दर तेहतीस फुटांवर डोक्यावरच्या अख्ख्या हवेइतका आणखी दाब चढतो. त्या दाबानं एकेका श्वासात वरच्यापेक्षा कितीतरी जास्त वायू कोंबला जातो. शुद्ध ऑक्सिजन आम्हीही घेतो, पण खोलवरून वर येताना, शेवटच्या वीस फुटांत थांबून, अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. त्याखाली तो मेंदूवर जातो. दुखत नाही, खुपत नाही, सूचना मिळेलच असं नाही. फीट येते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि शुद्धीवर यायच्या आत माणूस बुडतो. कधी दोन मिनिटांत होतं, कधी अर्ध्या तासात, आणि एखाद्याला काहीच होत नाही. तो एखादा मग गावभर सांगत फिरतो.

"ऑक्सिजननं माणूस मरते?" काकांना हसू आवरेना. "आतापावतर त बिना ऑक्सिजनचे मेले बाप्पा."

"मरते!" मी किंचाळलो. "जास्त झाला का जहर हाये ते! ज्याले समजत नाही त्यानं त्याच्या चावीले हातच लावू नाही!"

मामेभाऊ हिरमुसला. "तूच त सांगतलं काल," एवढंच पुटपुटला. ते खरंच होतं, त्यामुळे मला त्याचा आणखी राग आला. वहिनी पुढं आली आणि त्याच्या कमरेचा दोर सोडायला लागली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. सगळ्या गर्दीत माझं बोलणं तिला एकटीला कळलं होतं. माणसं पांगली, जरा नाराज होऊनच. एवढ्या उन्हातान्हाचं येऊन काही बघायला मिळालं नाही. मोटर पुढं दोन दिवसांनी निघाली, पाणी उपसून, मी म्हटलं होतं तशीच. शाबासकी गळाला मिळाली.

पण त्या दुपारी माझा राग अजून उतरला नव्हता. मामाचा हिशेब चुकता करायचा बाकी होता. पोरगं अडाणी असेल, पण बापानं सिलिंडर काढून द्यावा? कठड्यावर बघतो तर मामा नाही. बागेत गेलो. तो एका झाडाशी, खोडावर हात टेकून उभा होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुह्या मामीले मीच लावला होता."

मला आधी कळलंच नाही.

"कंपाउंडर सांगून गेला होता, गोळी पाचवर ठेवजा काका. काचेच्या नळीत गोळी असते न, किती ऑक्सिजन जाते ते दाखवाले, ते. पण तिचा दम पायवत नव्हता मले. मीनं चावी फिरवली. दहावर नेली. मंग पुरी खोलली. गोळी पार वर, पंधरावर जाऊन टेकली." त्याची बोटं हवेत चावी फिरवत होती. "सकाळी गेली ते."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मघाचे माझेच शब्द मला ऐकू येत होते आणि ते परत घ्यायची काही सोय नव्हती.

मी त्याला खाली बसवलं. मीही ढेकळांत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसाला माझा धंदा नीट, सावकाश सांगितला. मामा, मी बोललो ते पाण्याखालचं. वर पाण्याचा दाब नसतो. घरात खाटेवर पडलेल्या माणसाला पुरा ऑक्सिजन लावला तरी खालच्यासारखा तो डोक्यात जात नाही. "तिले झटका आला होता काय? हातपाय ताठले होते?"

"नाही. झोपल्यावानी."

"मंग त्यानं नाही गेली मामा. बिमारीनं गेली. तिले ऑक्सिजन पाहिजेच होता."

मी डॉक्टर नाही. जास्त ऑक्सिजन फार वेळ घेतला तर जमिनीवरही फुप्फुसांना बाधतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्या रात्री पाच बरोबर होते की पंधरा, हे मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. ते मी बोललो नाही. अर्धवट माहितीवर छातीठोक बोलणाऱ्यांना मी दिवसभर शिव्या घातल्या होत्या, आणि आता मीही छातीठोकच बोलत होतो.

"पक्कं?" मामानं विचारलं.

"पक्कं."

त्यानं ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दाब, पाणी, घर, खाट. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"चार वर्सं झाले," तो म्हणाला. "तू दरसाल येतं. याले समजते, याले इचारीन, इचारीन म्हनत होतो मी. तुह्या समुद्राच्या गोठीच सरत नव्हत्या बावा."