बैल ओढायला सदाला बोलावलं

मंडळी, आज सकाळी देवाला फूल वाहिलं आणि तसाच सदाकडे गेलो. पहाटे आमचा पवळ्या बैल गेला होता.

सदा माझा शाळेतला सोबती, बौद्धवस्तीत राहतो. मेलेली जनावरं पूर्वी त्याचे वडील ओढायचे, म्हणून विचारण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

"सदा, पवळ्या गेला रं. चल की वढायला."

तो दाढी करत होता. आरसा खाली ठेवून म्हणाला, "बैल मेला की आमचं घर बरं आठवतं तुला! तुझ्या पोरीच्या लग्नाला न्हाई आठवलं?"

"राग आला व्हय?"

"न्हाई. बैलाचं लई वाईट वाटलं. पन वढायला मी येनार न्हाई."

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. पवळ्याजवळ बसल्यावर मात्र मान खाली गेली. लग्नाच्या यादीत सदाचं नाव मीच लिहिलं नव्हतं. आणि ज्या बैलाने बारा वर्षं माझं शेत नांगरलं, त्याला हात लावायला मी दुसरा माणूस शोधत होतो.

भावकीतले म्हणाले, "आपन असलं काम करतो व्हय?" तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मी उठलो. धाकट्या भावाला घेऊन दोर बांधला, बांधाकडेला खड्डा खणला आणि दुपारी पवळ्याला माझ्या हाताने माती दिली.