नर्सबाईंचे जुने प्लग

आमच्या शेजारच्या नर्सबाई साठ सालच्या आसपास लोणावळ्यात बाळंतपणं करायच्या आणि आपली जुनी विलायती मोटार स्वतःच चालवायच्या. चढावर गाडी धापा टाकू लागली की म्हणायच्या, "चल गं, दमलीस होय?" अडलेल्या बायकांशीही त्या याच सुरात बोलत.

एकदा त्यांच्या भाच्याने मुंबईहून खास परदेशी स्पार्क प्लग आणून गाडीला बसवले. "मावशी, आता विमानासारखी पळेल!" बाई हसल्या, पण जुने प्लग पुसून त्यांनी डिकीत ठेवले.

त्याच आठवड्यात कार्ल्याची एक अडलेली पोरगी दवाखान्यात आणायला मी त्यांच्याबरोबर गेले. परतताना गाडी आचके देत भर रस्त्यात बंद पडली. मागे पोरगी कळांनी तळमळत होती. तिची सासू रडायला लागली, "आता कसं वं बाई? हितं तर कुनीबी न्हाई!"

"मी आहे ना. तुम्ही तिचा हात धरा."

बाईंनी बॉनेट उघडलं. नव्या प्लगांवर तेलकट काजळी साचली होती. पान्याने सैल करून त्यांनी एकेक तापलेला प्लग पदरात धरून काढला आणि जुने बसवले. मधूनच मागे वळून सांगत होत्या, "लांब श्वास घे, बाळ. इतक्यात जोर करू नकोस." आवाज जराही चढला नाही.

गाडी सुरू झाली. दवाखान्यात पोचताच मुलगी झाली.

"ते नवे प्लग वाईट निघाले का हो?" मी नंतर विचारलं.

"छे, चांगलेच आहेत. पण हिचं इंजिन तेल पितं, त्याची काजळी जुन्या प्लगांवर जळून जाते, नव्यांवर साचते. हिला साधेच मानवतात."

बोलता बोलता त्या बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या. त्यांच्या बोटांवर टरारून आलेले फोड मला तेव्हा दिसले.