बोरीच्या रस्त्यावरचा कॉम्प्युटर

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं काश्मीरला जावं, निदान महाबळेश्वरला तरी. मी गेले ताडकळसहून परभणीला आणि तिथून बोरीच्या रस्त्याला, कॉलेज बघायला. पूर्णेला मावशीकडे राहून मी बारावी झाले होते. बारावी हा प्रकार तेव्हा नवा कोरा होता आणि मला कॉम्प्युटर शिकायचा होता. कॉम्प्युटर म्हणजे काय हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. एका मासिकात फोटो पाहिला होता. कपाटाएवढी यंत्रं आणि त्यांच्यापुढं खुर्चीवर बसलेली एक बाई. बाकी सगळ्या फोटोंत बायका कुणाच्या तरी मागं उभ्या असत. ही बसली होती, तेवढं मला पुरलं.

बाबा गावच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. आयुष्यात कुणा साहेबापुढं आवाज चढवला नाही, अशी त्यांची ख्याती. मुलीला पदवीपर्यंत शिकवायचं हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं. त्यांची अट एकच होती, कॉलेज जवळ हवं.

सकाळच्या एस.टी.त आमच्या शेजारी एक मेंढपाळ बाई बसली. तिच्या मांडीवर शेळीचं पिल्लू होतं आणि ते सारखं माझ्या दस्तीला (हातरुमालाला) तोंड लावत होतं.

"कुटं निगालात, माय?" तिनं विचारलं.

"कॉलेज बघायला."

"तुला बगायला कोन येणार हाय तितं?"

"कुणी नाही. आम्हीच बघणार."

ती मनापासून हसली. "आता पोरी बगायला जायल्या व्हय? बरं झालं. पोहे खा, अन् खोट काढल्याबिगर उठू नका."

एवढा शहाणा सल्ला मला पुढं दिवसभरात कुणी दिला नाही. पिल्लानं दस्तीचा एक कोपरा गिळला तो गिळलाच.

परभणीच्या कॉलेजात संख्याशास्त्राचे एक सर भेटले. कॉम्प्युटरचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, मी पंधरा वर्षं शिकवतोय, पण कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला नाही. इथं गणित घे, चांगलं शिकवतो. पण तुला तेच पाहिजे असेल तर मुंबईला जा." एका मुंबईच्या कॉलेजची सूचना त्यांनी सूचनाफलकावरून काढून दाखवली. पदवीचा नवा अभ्यासक्रम होता. अर्ज शनिवारपर्यंत पोचायला हवा आणि सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला. नक्कल चालणार नव्हती. तो दिवस मंगळवार होता.

"मुंबई," बाबा म्हणाले. डॉक्टरनं मोठ्या दुखण्याचं नाव सांगावं तसं त्यांनी ते ऐकलं होतं. जिन्यावरून उतरेपर्यंत आमचा करार झाला. जवळपास कुठं कॉम्प्युटर सापडला तर तिथं, नाही तर उद्या सकाळीच मुंबईचा अर्ज टपालात.

कॉम्प्युटर आम्हाला स्टँडवरच सापडला. म्हणजे त्याचा माणूस सापडला. आमच्या भागात जून महिन्यात प्राध्यापक शिकवत नाहीत, विद्यार्थी गोळा करतात. मुलं कमी पडली की तुकडी जाते, तुकडी गेली की नोकरी जाते. त्यामुळं बिचारे एस.टी. स्टँडवर उभे असतात आणि हातात कागदांची पिशवी दिसली की झडप घालतात. आमच्यावर झडप घातली ती कदम सरांनी. टेरिकॉटचा शर्ट, खिशात चार पेनं.

"कॉम्प्युटर? आमच्याकडं हाय की! मुंबईला कामून (कशासाठी) जाता, गुरुजी? लेकरू डोळ्यांपुढं राहील."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला पुढं काही बोलवेना.

कॉलेज बोरीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. त्याचं नाव लिहीत नाही. अब्रूनुकसानीचा दावा लावायला त्या लोकांकडं वेळ भरपूर आहे, विद्यार्थीच नाहीत. इमारत म्हणजे जुन्या जिनिंगचं गोदाम. वर्गांच्या कोपऱ्यांत अजून कापसाचे पुंजके होते. चहूकडं काळी रानं नांगरून पडलेली, मधोमध हे गोदाम आणि त्यावर गोदामापेक्षा लांब पाटी. विज्ञान, कला, वाणिज्य, सगळं एका पत्र्याखाली.

आल्याआल्या सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) आली, चहा आला. मेंढपाळ बाईचे शब्द आठवून मी खोट शोधायला लागले, पण सुशीलेत काही खोट नव्हती. ती खरोखर फर्मास होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तिथंच आम्ही हरलो. कुणाचं खाल्ल्यावर बाबांना नाही म्हणता येत नाही.

कारकुनानं हात पुढं केला. "दाखला बघू, गुरुजी. नुसता बघायला."

बाबांनी दिला. कारकुनानं आडनाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि खूश झाला. "अरे वा, स्कॉलरशिपवाली. तुमच्या वस्तीत आणखी कोन हाय का बारावी झालेलं? घेऊन या समद्यांना." त्याला आम्ही माणसं नव्हतोच, हजेरीपटावरच्या ओळी होतो. मला संताप आला. बाबा मात्र हसून मान डोलवत राहिले, त्याचा मला जास्त संताप आला. तेवढ्यात दाखला रजिस्टरात चढला, लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली कारकुनाच्या कमरेला.

मग कॉम्प्युटरचं दर्शन. खोलीला दोन कुलपं. कदम सर दारातच म्हणाले, "चपला बाहेर." आत टेबलावर लाल कापड होतं आणि कापडाखाली एक हातानं फिरवायचं बेरीज-गुणाकाराचं यंत्र, जुन्या बँकांतून असायचं तसलं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं, सुकलेलं फूल, शेजारी नारळ. खंडेनवमीला पूजा झाली ती झाली, पुन्हा कापड निघालं नव्हतं. आमचे बाबा आयुष्यात देवळाची पायरी चढले नाहीत, पण त्या यंत्रापुढं अनवाणी उभे होते.

"बारा बारे करून बघू?" मी विचारलं.

"बगा की."

मी मूठ धरून फिरवली. हलेना. कदम सरांनी जोर लावला, शिपायानं लावला. दातऱ्यांत कुंकू जाऊन बसलं होतं. "मेकॅनिक यायचाय," सर म्हणाले. बारा बारे एकशे चव्वेचाळीस हे मीच सांगून टाकलं, म्हणजे निदान त्या खोलीत एक तरी गुणाकार झाला.

बाहेर येऊन बाबा पुटपुटले, "माय, चल. उद्या मुंबईचा अर्ज टाकू." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पण दाखला? कारकून म्हणाला, रजिस्टरात चढला, आता मुलगी आमची. आम्ही प्राचार्यांच्या खोलीत गेलो. घड्याळात चार वाजले होते आणि परतीची शेवटची एस.टी. पाचला. त्या दिवशी दाखला हातात पडला नसता तर मुंबई संपली होती.

प्राचार्य गोड माणूस. त्यांनी बाबांना खुर्ची दिली. "गुरुजी, तुमी आमच्याच धंद्यातले. पट टिकवायला दाखले दाबून ठेवावे लागतात, हे मी तुमाला सांगावं का? खरं सांगा, तुमच्या कपाटात किती हायत?"

मला वाटलं, झालं, नेहमीसारखे आता 'बरं साहेब' म्हणून उठतील. मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले होते, हे कबूल करते.

"सात," बाबा म्हणाले.

प्राचार्य मोठ्यानं हसले. "बगा! मग?"

"एक कोरा कागद द्या, सर."

कागद आला. बाबांनी फळ्यावर सुविचार लिहावा तशा टपोऱ्या अक्षरात अर्ज लिहिला आणि प्राचार्यांपुढं सरकवला. प्राचार्य मोठ्यानं वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. "मा. शिक्षणाधिकारी यांस. मी खाली सही करणार मुख्याध्यापक, पटसंख्या टिकवण्यासाठी सात विद्यार्थ्यांचे दाखले रोखून ठेवल्याची कबुली देतो व कारवाईस पात्र आहे. तसेच सदर महाविद्यालयाने..."

"गुरुजी, तुमची नोकरी जाईल!"

"जाईल की. मंग तुमच्या तुकड्यांची बी चौकशी होईल." बाबांचा आवाज तेवढाच, हळू.

दुसऱ्याविरुद्ध तक्रार करणारी माणसं प्राचार्यांनी पुष्कळ पाहिली असतील. स्वतःचं नाव आधी लिहून तक्रार करणारा नव्हता पाहिला. या माणसाला दम कसला द्यायचा, हे त्यांना समजेना. पाच मिनिटांत कारकुनाच्या कमरेची किल्ली सुटली. बाबांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि आम्ही एस.टी.कडं अक्षरशः पळत सुटलो.

गाडीत मी विचारलं, "सात कुणाचे?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत एकेक नाव सांगितलं. चौथी, सहावी झालेली मुलं, दुसऱ्या गावच्या शाळेत जायची होती. त्यांना 'साहेबांची सही राहिली' असं सांगून परत पाठवलं होतं. मी दिवसभर त्या कॉलेजला हसले होते. त्यांच्या कपाटासारखंच एक कपाट आमच्या शाळेत होतं आणि लहानपणी मीच ते फडक्यानं पुसत असे.

बुधवारी सकाळी माझा अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं गेला. तिथून बाबा दाखले घेऊन घरोघर निघाले. मीही गेले. सहा घरांत कुणी चहा दिला, कुणी शिव्या दिल्या, बाबांनी दोन्ही घेतलं. सातवं घर नंदाचं. तिचा बाप मजुरी करतो. तिला मामाच्या गावी, हॉस्टेल असलेल्या शाळेत घालायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी तीन खेपा मारून गेला होता. मजुरी बुडवून.

त्यानं दाखला दोन्ही हातांनी घेतला, उलटा धरून पाहिला. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"आता कामून आणलं, गुरुजी? नांदायला गेली की ती, गेल्या वैशाखात."

बाबा दारातच उभे राहिले. "माझी चूक झाली," एवढं म्हणाले.

मला मुंबईला प्रवेश मिळाला. इथं हॉस्टेलवर मुली विचारतात, तू कॉलेज कसं निवडलंस? मी यंत्राची आणि कुंकवाची गोष्ट सांगते, सगळ्या पोट धरून हसतात. नंदाचं त्यांना सांगत नाही. माझा दाखला तासाभरात कपाटातून निघाला, तिचा दोन वर्षांनी. आमच्यात हुशार कोण होतं, हे आता कुणालाच कळायचं नाही.