तिच्या वाटणीचा श्वास

मी कलामायला ‘श्वास घ्या’ म्हटलं, की छाती फुगायची ती झुलाल आबांची. ‘हात वर’ म्हटलं, की शेजारच्या खुर्चीत आबांचे दोन्ही हात छताकडे. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती माय अर्ध्या ओठांनी हसत नवऱ्याकडे बघत बसलेली. अहो, पेशंट कोण आहे इथे?

शहाद्यात माझं ऑक्युपेशनल थेरपीचं छोटं केंद्र आहे. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा जेवायला, वेणी घालायला, बटण लावायला शिकवायचं, हे माझं काम. त्यात मी योगही वापरते. बोटांत बोटं गुंफायची, श्वास घेत चांगल्या हातानं अधू हात वर न्यायचा, श्वास सोडत खाली आणायचा. आणि मग तोच हात हळूहळू वाटीकडे, घासाकडे वळवायचा. मायची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. ‘हा’ आणि ‘नही’, एवढंच बोलणं उरलं होतं. आबा पपई पिकवणारे शेतकरी, उंच, काटक, धोतर कायम मातकट. रोज रिक्षानं तिला घेऊन यायचे, आणि उतरवताना रिक्षावाल्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मायला जरा धाप लागली की आबा लगेच म्हणायचे, “दमी गयी ती, बेटा. तिना वाटाना मी करी टाकस.” आणि खरंच, डोळे मिटून, मनापासून, तिच्या वाटणीचे सगळे श्वास स्वतः घ्यायचे. आधी मला वाटलं, म्हातारा गंमत करतो. छे! एक दिवस मी चिडले. राग आला की माझं शाळेतलं मराठी सुटतं आणि घरची अहिराणी तोंडात येते.

“आबा, हाऊ काय उपास शे का?”

“मंग? जलमभर तिनी मन्हासाठे उपास धरात, गुन माले लागना. मन्हा योग तिले का लागाव नही?”

“तुम्हीन जेवनात तं मायनं पोट भरस का?”

“भरस ना!” आबा ठासून म्हणाले. “जलमभर ती माले हाईच सांगत उनी.”

आता यावर बोला! माय खुदकन हसली आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. एकदा त्यांच्या घरी गेले, तर आबा तिला भरवत होते. घास लहान करून, फुंकर घालून, मध्येच उपरण्यानं तिची हनुवटी पुसून. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून. असा पडून राहिला तर तो कायमचा गेला, हे मला दिसत होतं. मी आबांना ओट्यावर बोलावलं आणि सरळ विचारलं, “तुमच्या माघारी तिला कोण भरवेल? सून? किती दिवस?” आबा उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध-भाकरीची वाटी तिच्यापुढे ठेवली, जाड मुठीचा चमचा तिच्या उजव्या हातात दिला, आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. घास लुगड्यावर पडला, गालाला लागला, नाकाला लागला. “आरे देवा” म्हणत आबा रडत होते. हात मात्र काढले नाहीत. पुढे रोज तेच. ज्या दिवशी पहिला घास धड तोंडात गेला, त्या दिवशी आबांनी गल्लीभर पपया वाटल्या. सगळ्यांत मोठी माझ्यासाठी आणली आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “तुन्हं खरं व्हतं, बेटा. तिना श्वास तिलेच लेवा पडस.”

पुढच्याच उन्हाळ्यात आबांचं पोट दुखायला लागलं. सुरतेला नेलं, तोवर दुखणं फार पसरलं होतं. घरी आणलं. मुलाचा फोन आला, “ताई, आबा तुमले बलाई ऱ्हायनात.” मी लगेच गेले. खाटेवर आबा फारसे उरलेच नव्हते. म्हणाले, “तिना हात थांबू देजो नको.” एवढंच.

त्याच दुपारी त्यांचा श्वास अडखळू लागला. मुलगा गंगाजळाची वाटी घेऊन खाटेशी बसला. “नही,” माय म्हणाली. वाटी आपल्याकडे ओढली आणि चमचा उजव्या हातात धरला. सून मदतीला वाकली, तर पुन्हा “नही.” हात सावकाश निघाला. अर्धं पाणी आबांच्या मानेवर सांडलं, उरलेलं तोंडात गेलं. आबांनी ते गिळलं. तिनं दुसरा चमचा भरला. तो ओठांच्या कडेनं बाहेर आला.

मुलगा हंबरडा फोडून रडायला लागला. तिचा हात मात्र तसाच वर, आबांच्या तोंडाशी, रिकामा चमचा धरून. तिला सांगायची कुणाची हिंमत होईना. तो हात वर यावा म्हणून मी वर्षभर घसा फोडला होता. मीच तिच्या मनगटाला हात लावला आणि म्हटलं, “माय, आते हात खाले ल्या.”