मेलेला कप्तान हेरिंग खातो

बोडिल थोरुपने तेहतीस वर्षं स्वेनबोर्गच्या बोटीची तिकिटं दिली आणि एकदाही कुणाच्या हाती चुकीचं तिकीट गेलं नाही. बेटावरच्या आम्हा सगळ्यांना तिने हे इतक्यांदा ऐकवलंय, की कान किटले. म्हणूनच परवा ती, मी चालवते त्या चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात, माझ्यासमोर एवढंसं तोंड करून उभी राहिली, तेव्हा मला काही कळेना.

तिच्या हातात दोन जाड पुस्तकं होती. आम्हा डॅनिश लोकांच्या एका थोर, जुन्या लेखकाचं समग्र साहित्य, बारा खंड, शंभरेक वर्षांपूर्वीची तांबडी कातडी बांधणी. संच मीच तिला दिला होता, हिवाळा सरेल म्हणून.

"ग्रेथे, खरं सांग. माझं डोकं फिरलंय का?"

"आज काय नवीन?"

"थट्टा नको गं. सहाव्या-सातव्या खंडात एकच कादंबरी आहे. सहाव्यात कप्तान बुडून मेला. मी रुमाल भिजेपर्यंत रडले. आणि सातव्यात तोच बसून हेरिंग मासा खातोय! वर लग्न ठरवतोय!"

"भूत असेल."

"भूत हेरिंगवर कांदा मागतं का?"

मी हसले. ती हसली नाही. मागच्या महिन्यात तिच्याकडून शेगडी चालू राहिली होती आणि गुरुवारी तिचा मुलगा कार्स्टेन तिला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेणार होता. तिथे गडबडली तर घर बंद आणि मुक्काम वृद्धाश्रमात, हे तिला ठाऊक होतं.

मी सातवा खंड उघडला. हेरिंगच्या पानावर कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हा तर मेला होता ना?' आणि खाली, थरथरत्या अक्षरात, 'की मीच विसरले?'

"हे तू लिहिलंस?"

"मी? पुस्तकात? वेडी आहेस का!"

अक्षर मी ओळखलं. आस्टा रीस. संच तिचाच. तीन वर्षांपूर्वी चर्चमध्ये आम्ही कॉफीला जमलो होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "कप्तान मेला होता, आज जेवायला आलाय." आम्ही कॉफी सांडेपर्यंत हसलो. आणि मी, तिची मैत्रीण म्हणवणारी, घरी जाऊन तिच्या भाचीला फोन केला, "आस्टाकडे जरा लक्ष ठेव." ईस्टरपर्यंत आस्टा वृद्धाश्रमात आणि तिचं सामान आमच्या दुकानात.

बोडिल मात्र पानं उलटत होती. तिकिटाच्या कोपऱ्यातला बारीक आकडा बघायची तिची सवय काही गेलेली नाही.

"ग्रेथे, इथे तळाला बघ. दर सोळा पानांनी बारीक सहा छापलाय. पण वर कातडीवर सात!"

कुठला खंड ते बांधणाऱ्याला कळावं म्हणून छापखाना तो आकडा टाकतो. सहाव्या खंडात तळाला सगळीकडे सात होता. बांधणाऱ्याने दोन खंडांची पोटं अदलाबदल केली होती, आणि खंडाचा आकडा असलेलं पहिलं पानही त्या गाढवाने चुकीचंच चिकटवलं होतं.

"म्हणजे मी आधी शेवट वाचला! माझं डोकं ठिकाणावर आहे!" बोडिलने मला मिठीच मारली. "कार्स्टेनच्या नाकासमोर धरते हे!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाले, "आधी आस्टाकडे."

आस्टा खिडकीशी बसली होती. बोडिलला तिने लगेच ओळखलं. मला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तीन वर्षांपूर्वी तिला खरंच विसर पडत होता, की इथे येऊन पडायला लागला? मला अजून उलगडा होत नाही. बोडिलने तिला आकडे दाखवले. आस्टाने तळाच्या सहावरून बोट फिरवलं, मग कातडीवरच्या सातवरून. दोनदा.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो," मी म्हणाले. "चूक आमची झाली."

ती उठली आणि तिने खुंटीवरचा कोट काढला.

"चला मग."

"कुठे गं?"

"घरी."

तिच्या घरात दोन वर्षांपासून कोपनहेगनचं एक कुटुंब राहतंय. मी बोडिलकडे बघितलं, बोडिल पुस्तकाकडे बघत राहिली. आस्टाने कोटाची बटणं लावायला घेतली. खालून वर, एकेक, सगळी बरोबर.