आप्पांची टपरी संगीताची झाली न्हाय

मैत्रिणींनो, आज दुपारी शिलाई मशीन बंद करून मी भांडायला गेले होते. न भांडताच परत आले. अजून जीव थाऱ्यावर न्हाय, म्हणून लिहितेय.

इथं परंड्यात माझ्या दुकानासमोर आप्पांची झेरॉक्सची टपरी. पायानं अधू म्हणून नगरपरिषदेनं त्यांना दिलेली. आप्पा खुर्चीवर बसायचे. शटर उचलणं, मशीन चालवणं, गिऱ्हाईक सांभाळणं, सगळं त्यांची लेक संगीता करायची. त्यापायी तिनं लग्नसुद्धा लांबवलं.

दिवाळीनंतर आप्पा गेले. आज नगरपरिषदेचे साहेब आले आणि संगीताला म्हणाले, "परवाना आप्पांच्या नावचा होता, तो वारसाला मिळत नाही. टपरी दुसऱ्या दिव्यांगाला दिलीय."

मी तरातरा गेले. म्हणलं, "अन् ह्या पोरीनं खायचं काय?"

तेवढ्यात रिक्षातनं कुबड्या घेतलेला एक माणूस उतरला, संगं बायको. टपरी त्यालाच मिळालेली. कितीतरी वर्षं अर्ज करत होता म्हणे. मी बाजूला सरून त्याला वाट दिली.

संगीतानं किल्ली त्याच्या बायकोच्या हातात ठेवली. "वहिनी, शटर उजवीकडनं उचला, न्हाय तर अडकतंय. रोज तुम्हालाच उचलायचंय."

त्या बाईनं शटर उचलून बघितलं. संगीता आप्पांची खुर्ची घेऊन घरी गेली.

नियम बरोबर हाय. तो माणूसबी बरोबर हाय. मग सांगा, मी भांडायचं तरी कुणाशी?