बोटाखालचा शब्द

काल पेणच्या माझ्या दुकानात एका मुलीनं झेरॉक्ससाठी जुनं पुस्तक पुढं केलं. पानांना ओल धरल्याचा वास येत होता. मी ते न उघडताच ओळखलं, कारण पूर्वी रामवाडीत नोकरीला असताना ते मीच टाइप केलं होतं. एका प्राध्यापकांनी आमच्याकडची गाणी जमवली होती. त्यातलं एक, मिठागरावर राबणाऱ्या एका म्हातारीनं तिची लेक गेली तेव्हा स्वतः रचलेलं. "हिचं नाव घालू ना?" मी विचारलं, तर सर हसले. "बाईला सही येत नाही, ती कसली कवयित्री? पारंपरिक टाक." मी टाकलं. रोह्याला प्रकाशन झालं, तेव्हा म्हातारी धुवट लुगडं नेसून आली होती. मिठानं तिच्या टाचा फुटल्या होत्या. भाषणं संपल्यावर तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. "मना वाचता येत नाय गो. माजं नाव कुठं हाय, दाखव." सर शेजारीच उभे होते. मी तिचं बोट धरून 'पारंपरिक' या शब्दावर ठेवलं. तिनं ते पान कपाळाला लावलं. "आजी आल्यागेल्याला हेच आपलं नाव म्हणून दाखवायची," काल ती मुलगी सांगत होती. "मी शाळेत वाचायला शिकले नि तिला खरं सांगितलं. त्यानंतर ती मरेपर्यंत गायलीच नाय. कुठल्या मेलीनं फसवलं तिला, कोण जाणे!" मी मशीनचं झाकण उघडलं आणि विचारलं, "किती प्रती काढू?"